पोटमाळ्यावरचं ऑफिस

मार्च २०२३ मध्ये सासूबाई मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि घरात दिवसभर कुणीतरी असायला हवं हे उघड झालं. मी फोर्टातल्या एका ऑफिसात सतरा वर्षं हिशेब लिहीत होते. नवऱ्याची नोकरी शिफ्टची, मुलगा नुकताच दहावीत गेलेला. म्हणजे कोण घरी राहणार याची चर्चा करण्यात अर्थ नव्हता. ३१ मेला मी नोकरी सोडली. साहेब भला माणूस. म्हणाले, सप्टेंबरअखेरपर्यंत आमचंच थोडं काम घरून कर, मग पाच लहान गिऱ्हाइकं तुझ्याकडे देतो, तूच सांभाळ.

आता घर. गिरगावातली चाळ, दुसरा मजला. बाहेरची खोली दहा बाय बारा, आतली दहा बाय आठ. आतल्या खोलीतच ओटा आणि मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला. एकूण दोनशे चौरस फूट आणि आम्ही चारजण. या दोनशे फुटांत ऑफिस कसं बसवलं, हे मला गेल्या वर्षभरात इतक्या जणींनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून काढते.

पहिला डाव फसला. तोच आधी सांगते, कारण बहुतेक सगळे तिथूनच सुरुवात करतात.

जूनमध्ये मी ऑनलाइन एक घडीचं टेबल मागवलं, भिंतीला लावायचं. काम झालं की फळी खाली पाडायची, भिंतीला चिकटून राहते. ३,४९९ रुपये. फोटोत एक मुलगी त्यावर कॉफीचा मग ठेवून हसत बसली होती. वायरमनच्या पोऱ्याने बाहेरच्या खोलीत, आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पलंगाशेजारी ते चार स्क्रूंवर लावून दिलं. पहिले आठ दिवस बरे गेले. मग लक्षात आलं की मी दिवसातून चार वेळा ऑफिस मांडते आणि चार वेळा मोडते. मुलाला पाटावर बसायला जागा हवी म्हणून मोडा, आईंना वॉकर फिरवायला जागा हवी म्हणून मोडा, कुणी आलं म्हणून मोडा, जेवायला बसायचं म्हणून मोडा. प्रत्येक वेळी बिलांचे गठ्ठे पलंगावर, आणि परत मांडताना कुठलं बिल कुठल्या गठ्ठ्यातलं याची शोधाशोध.

१८ जुलैला, म्हणजे थ्रीबी, जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायच्या शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी, ते टेबल भिंतीतून निघालं. आवाज मोठा झाला नाही. आधी भुसा सांडावा तशी पांढरी पूड पडली, मग वरचे दोन स्क्रू गिट्टीसकट (स्क्रू धरायला भोकात ठोकतात ती) बाहेर आले आणि फळी वाकली. लॅपटॉप पलंगावर पडला म्हणून वाचला. स्क्रीनची बिजागरी तेवढी गेली. लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीचे २,४०० घेतले आणि दोन दिवस लागले. त्या महिन्याचं रिटर्न मी बहिणीच्या लॅपटॉपवरून, तिच्या दादरच्या घरी बसून भरलं. आईंपाशी शेजारच्या वहिनी बसल्या होत्या.

भिंत बघायला आमच्या गल्लीतल्या सुतारमिस्त्रींना बोलावलं. सत्तरीचे आहेत, बोलतात कमी. त्यांनी भोकात बोट घातलं, बाहेर काढलं, तळहातावर पूड घेऊन मला दाखवली. "ताई, ही चुन्याची भिंत. हिच्यात प्लास्टिकची गिट्टी धरत नाही." आमची चाळ १९४० च्या आधीची. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या भाषेत 'अ' वर्गातली उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, इमारत. त्या काळच्या भिंती वीट आणि चुन्याच्या. वर रंगाचे इतके थर असतात की दिसायला टणक दिसतात, आत ड्रिल घातलं की पीठ. अशा भिंतीवर वजन लटकवायचंच असेल तर दाराच्या चौकटीला किंवा लाकडी खांबाला पकडून लटकवा, नाहीतर पाय जमिनीवर असलेलंच फर्निचर घ्या. हे मला ३,४९९ रुपयांत कळलं.

जाता जाता मिस्त्री आतल्या खोलीत पाणी प्यायला थांबले आणि वर बघून म्हणाले, "वर काय आहे?"

"सामान."

"कसलं?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणालाच सांगता येईना.

आतल्या खोलीवर आमचा पोटमाळा. लाकडी तुळया, वर फळ्या, पुढची बाजू बाहेरच्या खोलीकडे उघडी, शिडीने चढायचं. खाली डोक्यावर सहा फूट दहा इंच, वर चार फूट तीन इंच. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथे फक्त गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी चढत होते, हात घालून हवी ती वस्तू ओढून काढत होते, आणि परत कोंबत होते.

ऑगस्टमधले दोन रविवार तो रिकामा करण्यात गेले. नवरा वर, मुलगा शिडीवर, मी खाली, आणि आई पलंगावर टेकून न्यायाधीश. प्रत्येक वस्तू त्यांच्यासमोर धरायची, त्यांनी सांगायचं: ठेव, दे, टाक. तांब्याचा बंब, ठेव. पाळणा, दे. तीन गाद्या, ज्यांतल्या कापसाचे दगड झाले होते, टाक. दोन मखरं, एक ठेव, एक दे. बंद पडलेला टेबलफॅन, त्याचा खोका, आणि त्या खोक्यात तिसऱ्याच पंख्याचं गॅरंटी कार्ड. १९९८ पासूनची लाइट बिलं, सुतळीत बांधून. सासरे छापखान्यात कंपोझिटर होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत शिशाच्या खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या अक्षरांची, एक पिशवी निघाली. वजन केलं, अकरा किलो भरलं. मी हळूच म्हटलं, "आई, हे फार जड आहे हो, पोटमाळा दबेल." त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत नाही दबला, तो आता तुझ्या ऑफिसाने दबेल होय?" खिळे आता पलंगाखाली आहेत.

भंगारवाल्याने सगळ्याचे मिळून १,१४० रुपये दिले. माझ्या अनुभवात सगळ्या कामातला सर्वांत लांब टप्पा हाच. सुतारकाम सहा दिवसांत झालं, रिकामं करणं दोन रविवार आणि मधल्या पंधरा दिवसांच्या वादावादीत. या टप्प्याची घाई केली असती तर घरात अबोला झाला असता, हे नक्की.

रिकामा पोटमाळा मिस्त्रींनी टोच्याने तपासला. प्रत्येक तुळईच्या टोकाला टोचायचं, आत रुतला तर लाकूड गेलं. मोरीच्या भिंतीकडचं एक टोक ओल लागून मऊ झालं होतं. तिथे खालून भिंतीला लागून लाकडी खांब उभा करायचं ठरलं. बाकीच्या तुळया सागाच्या, ठणठणीत. तरी त्यांनी मला बजावलं: माणूस बसेल, मशीन बसेल, कागदाची गोदी करायची नाही. मला हसू आलं, पण घरी वजनकाट्यावर ए-फोर कागदाचं एक रीम ठेवून बघितलं. पंचाहत्तर जीएसएमचं (चौरस मीटरला पंचाहत्तर ग्रॅम) पाचशे कागदांचं रीम साधारण दोन किलो तीनशे ग्रॅमचं असतं. पाच गिऱ्हाइकांच्या बिलांच्या, बँकेच्या कागदांच्या फायली म्हणजे शंभर किलो सहज. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या तारखेपासून बहात्तर महिने जपून ठेवायचे असतात, पण ते जपायचे गिऱ्हाइकाने, माझ्या पोटमाळ्याने नव्हे! तेव्हापासून नियम केला: कागद येतो, स्कॅन होतो, महिनाअखेर परत जातो. माझ्याकडे चालू महिन्याच्या पाच फायली असतात, बस्स.

आता परवानग्या. खोली पागडीची आहे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन घेतलेली, नाममात्र भाड्याची. भाड्याची पावती अजून सासऱ्यांच्या नावावर, ते २०१६ मध्ये गेले. मालकांतर्फे भाडं घ्यायला येणाऱ्या मेहताजींना मी विचारलं, पोटमाळ्याच्या फळ्या बदलतोय, चालेल ना? ते म्हणाले, "फळ्या बदला, पण धंदा करू नका." मी म्हटलं, हिशेब लिहिते. ते म्हणाले, "ते मी ऐकलं नाही." हे उत्तर कागदावर काही उपयोगाचं नव्हतं, म्हणून मी वकील असलेल्या मावसभावाला विचारलं. त्याने भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम १६ वाचून दाखवलं. मालकाच्या लेखी संमतीशिवाय भाडेकरूने कायमस्वरूपी बांधकाम केलं तर मालकाला जागा परत मागता येते. पण लाकडी पार्टिशन, ओटा, खिडकीची जाळी, फॉल्स सीलिंग, एसी असली कामं कायमस्वरूपी बांधकामात धरत नाहीत, जिथे गरज असेल तिथे पालिकेची परवानगी मात्र हवी. आमचा पोटमाळा मुळात होताच, आम्ही नवं काही चढवत नव्हतो. त्याने एवढंच सांगितलं: काय काम करणार ते चार ओळींत लिही, आधीचे फोटो जोड, मालकाला रजिस्टर पोस्टाने पाठव आणि पोचपावती जपून ठेव. उत्तर आजतागायत आलेलं नाही. पोचपावती फायलीत आहे. पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांनी हे पत्राचं काम टाळू नये. आणि तुमची गोष्ट वेगळी असेल तर तुमच्या वकिलाला विचारा, माझ्या मावसभावाला नको.

चाळकमिटीची बैठक रविवारी गॅलरीत झाली. सेक्रेटरीकाकांच्या चार अटी: दारावर पाटी नाही, जिन्यात गिऱ्हाइकांची रांग नाही, संध्याकाळी सातनंतर ठोकाठोकी नाही, आणि गणपतीच्या दिवसांत काम पूर्ण बंद. एका काकांनी शंका काढली की घरात ऑफिस म्हणजे कमर्शियल मीटर लागेल, मग सगळ्या मजल्याची चौकशी होईल. वीजदरपत्रकात घरातल्याच एका भागात छोटा व्यवसाय करणाऱ्याला ठरावीक युनिटच्या आत घरगुती दरच लागतो, हे मी दाखवल्यावर ते गप्प झाले. आपल्याला लागू असलेल्या दरपत्रकाची प्रिंट बरोबर ठेवा. चाळीत छापील कागदाला मान असतो.

गणपतीची अट खरं तर घालायची गरजच नव्हती. १९ सप्टेंबरला गणपती, आणि मिस्त्री १४ तारखेलाच गावी, मालवणला निघाले ते थेट ऑक्टोबरात येणार. कोकणातला सुतार गणपतीत मुंबईत सापडेल ही आशाच चुकीची. तेव्हा मी चिडले होते, पण त्या अठरा दिवसांनी माझे पैसे वाचवले. कारण रिकाम्या पोटमाळ्यावर मी सासऱ्यांची ट्रंक टेबल म्हणून ठेवली आणि तिथे बसून काम करायला लागले.

चार फूट तीन इंचांत खुर्ची-टेबल शक्य नाही. जमिनीवरच बसायचं. मग प्रश्न मेजाच्या उंचीचा. ट्रंक अकरा इंच उंच होती, तासाभरात मान आखडली. तिच्यावर पुठ्ठे रचून पंधरा केली, खांदे कानापाशी आले. तेरा इंचांवर हात सरळ राहिले. तीन इंचांच्या उशीवर बसून माझं डोकं सदतीस इंचांवर येतं, म्हणजे वर चौदा इंच मोकळे. दिव्याची जागा त्यातून ठरली, डोक्यामागे नको, समोर आणि डावीकडे. गुडघे मेजाखाली जातात का, पाय लांब केल्यावर कठड्याला लागतात का, हे सगळं ट्रंकेने शिकवलं. सुताराला माप देण्याआधी पंधरा दिवस खोक्यावर बसून बघा. पुस्तकातली आदर्श उंची तुमच्या मांडीला माहीत नसते.

आणखी एक गोष्ट या दिवसांत कळली. लॅपटॉप चार्जिंगला लावला की त्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण व्हायची. वायरमन म्हणाला, अर्थिंगच नाही, जुनी दोन तारांची लाइन आहे. चारही बाजूंनी लाकूड असलेल्या जागेत असल्या लाइनवर मी रात्री बसत होते, या विचाराने मला घाम फुटला. वायर ओढायचं काम मग मी सुतारकामाच्या आधी घेतलं. लोहार चाळीत जाऊन सामान आणलं. तिथे ९० मीटरचं पूर्ण बंडल घ्यायची सक्ती नसते, दुकान बघून मागितलं तर मीटरवर सुटी वायर मिळते. मीटरपासून स्वतंत्र लाइन, अर्थिंगसकट, एक एमसीबी, जो जास्त भार आला की पडतो, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जो विजेची गळती झाली की क्षणात लाइन तोडतो. सगळी वायर केसिंग पट्टीतून, लाकडावर उघडी कुठेही नाही. मजुरी धरून ६,२०० रुपये. पूर्ण कामात मी घासाघीस न केलेला हा एकच खर्च.

३ ऑक्टोबरला मिस्त्री आले, ९ तारखेला गेले, मधला रविवार सुट्टी. सडक्या पाच फळ्या काढून त्या जागी अठरा एमएमचा प्लाय, ओलीच्या टोकाखाली खांब, पुढच्या उघड्या बाजूला कमरेएवढा लाकडी कठडा, आणि उभ्या शिडीऐवजी जरा कललेली, रुंद पायऱ्यांची, एका बाजूला हाताला धरायला दांडा असलेली. मेज चार फूट लांब, दीड फूट रुंद, तेरा इंच उंच. उरलेल्या प्लायमधून झालं. मेजाच्या पुढच्या कडेला त्यांनी न सांगता रंधा मारून गोलाई दिली. विचारलं तर म्हणाले, मनगट तिथेच घासतं. सहा दिवसांची मजुरी, मदतनिसासकट ९,४०० आणि लाकूड-खिळे-स्क्रू ५,९००.

इंटरनेटची गंमत वेगळीच. मोठ्या कंपनीचा माणूस आला, गॅलरी बघितली, वायर कुठून आणणार यावर कमिटीशी बोलला आणि परत आलाच नाही. तीन फोन केले, तीन वेळा 'फिजिबल नाही' असा मेसेज आला. शेवटी आमच्या केबलवाल्याने टीव्हीच्या केबलीबरोबरच फायबर आणून दिली. हजार रुपये बसवायचे, महिना ५९० जीएसटीसकट. दोन महिन्यांतून एकदा बंद पडते, पण फोन केला की तो स्वतः जिना चढून येतो.

बाकी खरेदी: यूपीएस ३,१००, लॅमिंग्टन रोडवरून जुना मॉनिटर ३,६००, भिंतीचा छोटा पंखा १,४५० (कठड्याच्या खांबाला लावलाय, चुन्याच्या भिंतीला नाही), आणि जमिनीवर बसायची पाठ असलेली खुर्ची १,९००. वायरिंग, सुतारकाम, इंटरनेट आणि ही खरेदी मिळून ३२,५५०. त्यावर घडीचं टेबल आणि लॅपटॉपची दुरुस्ती यांचे वाया गेलेले ५,८९९, भंगाराचे १,१४० जमा. निव्वळ ३७,३०९. हिशेबनीस आहे, पै न् पै लिहिलेली आहे.

कागदपत्रं मी सोपी समजत होते, कारण आयुष्यभर दुसऱ्यांची भरली. स्वतःची भरताना हात थरथरतात.

ऑक्टोबरपासून गिऱ्हाइकं माझ्या नावावर आली. चालू खातं हवं होतं. बँकेने व्यवसायाचे दोन पुरावे मागितले. पहिला उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा. १२ ऑक्टोबरला रात्री केली, वीस मिनिटं लागली. आधार, त्याला जोडलेला मोबाइल आणि पॅन, एवढंच लागतं, कागद जोडायचा नाही, आणि फी शून्य. सर्चमध्ये वर येणाऱ्या अनेक साइट सरकारी असल्यासारख्या दिसतात आणि हजार-दीड हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का बघा, नसेल तर बाहेर या. व्यवसायाचा कोड हिशेबलेखनाला ६९२०१. जीएसटी नोंदणी मी घेतली नाही, सेवा देणाऱ्याला उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर सक्ती नाही, आणि माझी त्याच्या आसपासही जात नाही.

दुसरा पुरावा दुकाने व आस्थापना कायद्याचा, ज्याला सगळे अजून 'गुमास्ता' म्हणतात. २०१७ च्या कायद्यानंतर दहापेक्षा कमी कामगार असतील तर परवाना लागत नव्हता, काम सुरू केल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, फॉर्म एफ, आणि तिची पोच मिळते. कामगार: शून्य. सगळं भरलं, अपलोड केलं. चार दिवसांनी परत आलं: आस्थापनेच्या फोटोत मराठी पाटी दिसत नाही.

पाटी. कमिटीची पहिली अट पाटी नाही, आणि सरकारचा पहिला आक्षेप पाटी नाही. दोन दिवस मी दोन्हीकडे बघत बसले. मग मुलाने उपाय काढला. ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरांत माझं नाव आणि 'हिशेबलेखन सेवा', प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून पोटमाळ्याच्या कठड्याला सुतळीने बांधली. दाराला नाही, गॅलरीत नाही, घराच्या आत. मी मागे मेजापाशी, पाटी पुढे, मुलगा पलंगावर उभा राहून फोटो काढतोय आणि आई ओरडतायत की पलंगावर चपला घालून चढू नकोस. फोटोची साइज कमी करून परत चढवला. ३ नोव्हेंबरला पोच आली. सेक्रेटरीकाकांना पाटी दाखवली. ते म्हणाले, "आत काय वाटेल ते लावा, पोरी."

६ नोव्हेंबरला बँकेत अर्ज. फॉर्मवर जागेच्या मालकीपुढे दोनच चौकोन होते, स्वतःची की भाड्याची. पागडीला चौकोन नाही. काउंटरवरची मुलगी पनवेलची होती, तिला पागडी म्हणजे काय हे मी दहा मिनिटं समजावलं, शेवटी तिने 'भाड्याची' वर टिक केली आणि भाडेकरार मागितला. करार नाही, पावती आहे, ती दिवंगत सासऱ्यांच्या नावावर. तिने आत जाऊन विचारलं. ठरलं असं: लाइट बिल नवऱ्याच्या नावावर आहे (ते आम्ही २०१८ मध्ये बदलून घेतलं होतं, देवाची कृपा), तेव्हा त्याचं संमतीपत्र शंभरच्या मुद्रांकावर, नोटरी करून. मुद्रांक आणि नोटरी मिळून ३५० रुपये. ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा जमाना गेला, आता पाचशेचा मुद्रांक लागतो, तेव्हा तुमचा हिशेब तसा धरा. पागडीत राहता आणि लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर असेल, तर बाकी सगळं सोडून आधी ते बदला.

मधे दिवाळी गेली. २२ नोव्हेंबरला बँकेचा माणूस जागा बघायला आला. तरुण मुलगा, इन केलेला शर्ट, हातात टॅब. दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, ऑफिस कुठाय?"

मी वर बोट केलं.

त्याने वर बघितलं, शिडी बघितली, परत माझ्याकडे बघितलं. "फोटो इथूनच काढला तर चालेल का? तुम्ही आणि पाटी आली पाहिजे फक्त."

पलंगावरून आई म्हणाल्या, "अहो चढा की. मी रोज बघते, कुणी पडत नाही."

बिचाऱ्याने बूट काढले, चढला, आणि तिसऱ्या पायरीनंतर सरळ उभा राहायला गेला. तुळईला डोकं लागल्याचा आवाज खाली आईंनाही ऐकू आला. आईंनी हळदीचा डबा मागवला. तो खाली बसला, मेजावर हात ठेवून बघितला, पंख्याखाली जरा थांबला, म्हणाला, आमच्या शाखेपेक्षा शांत आहे. क्षेत्रफळ ८० चौरस फूट असं टॅबवर लिहिलं. त्याच संध्याकाळी मी त्या तुळईला पाइपवर गुंडाळतात तो काळा फोम बांधला. २९ नोव्हेंबरला खातं सुरू झालं. अर्जापासून तेवीस दिवस.

आता सव्वा वर्ष झालं. अकरा आणि वीस या रिटर्नच्या शेवटच्या तारखांना मी रात्री वर असते, बाकी दिवशी साडेसहाला खाली. आईंना हाक मारायचा त्रास नको म्हणून काठी ठरलीये. पोटमाळ्याच्या फळीला खालून एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे बाथरूम, लगेच उतर. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलताना एक ठोका पडला तर मी म्हणते, बोला, ऐकतेय. दोन पडले तर म्हणते, दहा मिनिटांत करते. सगळ्यांना सवय झाली आहे. एका गिऱ्हाइकाने परवा स्वतःच म्हटलं, "ताई, दोन वाजले वाटतं, जा."

गुडघे दुखतात, खोटं कशाला बोलू. तासाला एकदा उतरून गॅलरीत फेरी मारते, त्यावाचून चालत नाही. पंचेचाळिशीपुढच्या माणसाने जमिनीवरच्या ऑफिसाचा विचार करताना हे धरूनच चालावं.

खरी अडचण मेची. गेल्या मेमध्ये दुपारी वर भट्टी होती. ओट्याची सगळी वाफ पोटमाळ्यावरच साचते, हे माझ्या डोक्यात आधी आलंच नव्हतं. झरोक्याला जाळी आहे, तिथे छोटा एक्झॉस्ट लावला तर फरक पडेल असं मिस्त्री म्हणतात, पण झरोका गॅलरीत उघडतो आणि गरम हवा समोरच्या वहिनींच्या तुळशीवर जाईल. त्यावर बोलणी चालू आहेत. तोवर मी पहाटे साडेपाचला वर जाते, अकराला उतरते. यंदा दुपारी एक ते चार खालीच बसायचं ठरवलंय. आईंनी त्यासाठी पलंगाची भिंतीकडची बाजू आत्तापासूनच रिकामी करून ठेवली आहे, आणि तिथे माझ्या आधी मुलगा झोपलेला असतो.